सोयर लागलेला कॉम्प्युटर

पासलीच्या देवळापुढं त्या दुपारी कॉम्प्युटरांची रांग लागली होती, प्रत्येकाला हळदीकुंकू लावलेलं. बाळंतपण आटोपून, लेकीला खांद्यावर घेऊन मी माहेराहून एसटीनं येऊन उतरले, तर गर्दीत सासूबाई हात जोडून उभ्या.

नारायणबुवा मंतरलेला पेनड्राइव्ह ओवाळून यंत्राला लावत. चार बटणं दाबली की गायब झालेले फोटो पडद्यावर परत येत. लोक टाळ्या वाजवत. "व्हायरस म्हंजी बाहेरची बाधा," बुवा सांगत होते. "मान्साला लागती तशी यंत्राला लागती."

आमच्या कॉम्प्युटरची पाळी होऊन गेली होती. माझ्या नवऱ्यानं, गोरखनं, खाली मान घालून सांगितलं. घरात बाळ जन्मल्याचं सोयर यंत्राला लागलंय, नुसत्या ओवाळण्यानं भागायचं नाही, असं बुवा म्हणाले. मग वेगळी दक्षिणा घेऊन त्यांनी 'शुद्धी' केली. म्हणजे होतं नव्हतं ते पुसलं, आणि वर काठोकाठ स्वतःच्या आरत्यांचे व्हिडिओ भरले.

त्या पुसलेल्या फोटोंतच माझी नणंद सोनिया होती. ती यंदाच गेली. तिचे फोटो दुसरीकडे कुठंच नव्हते. नातीला तिची आत्या दाखवायची, एवढ्यावर सासूबाईंनी दिवस काढले होते.

मागं जत्रेच्या वेळी बुवांनी आरत्यांचे पेनड्राइव्ह घरोघर वाटले होते. लग्नाआधी मी भोरला कॉम्प्युटर शिकवायचे; तेव्हाचा जुना लॅपटॉप पिशवीत होता. सगळ्यांसमोर त्याला आमच्या घरी आलेला बुवांचा पेनड्राइव्ह लावला. लॅपटॉपवरचं फोटोंचं फोल्डर गायब. सेटिंगमध्ये जाऊन 'लपवलेल्या फाइल दाखवा' केलं. फोल्डर हजर. व्हायरस बुवांच्याच पेनड्राइव्हमधला, आणि तो फोटो खात नव्हता, नुसते झाकत होता. अँटीव्हायरस चालवून तो काढूनही दाखवला.

चिमाजीतात्या कौतुकानं म्हणाले, "सूनबाईलाबी मंत्र येतो की."

हशा झाला, आणि रांग पुन्हा बुवांकडं वळली.

घरी आमच्या कॉम्प्युटरवर पुसलेल्या फाइल शोधायचा प्रोग्राम लावला. नुसत्या आरत्या निघाल्या. पुसलेल्या जागी दुसरं भरलं, की पहिलं सहसा परत येत नाही.

सासूबाई शेजारी बसून होत्या. "म्हंजी बुवानं हात लावस्तवर सोनी आतच व्हती?"

खोटं बोलावंसं फार वाटलं.

"होती, आई."

त्यांनी नातीला उचलून मांडीवर घेतलं. तुम्हाला एक सांगते. यंत्र असो की माणूस, बिघडलं तर कशानं बिघडलं ते आधी विचारा. आणि उत्तर कळेपर्यंत कुणालाही काही पुसू देऊ नका.