तिसऱ्या वर्षाचे पाच नारळ

मालवणच्या किनाऱ्याला तेजस्वीचं घर आहे आणि घराच्या फाटकावर निळा बोर्ड आहे: 'ड्रीम कम ट्रू होमस्टे. घरगुती मालवणी जेवण.' हे नाव तेजस्वीनं ठेवलेलं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिला आपल्या आईच्या नावानं 'आनंदी होमस्टे' ठेवायचं होतं. पण आईनं ऐकलं तर ती आनंदी कसली!

आनंदीला इंग्रजी येतं ते 'फ्रेश' आणि 'फिक्स रेट' एवढंच. बाजारात बसून तीस वर्षं मासे विकायला तेवढं पुरलं. होमस्टे सुरू झाला त्या आठवड्यात पुण्याचे एक पाहुणे जेवून हात धुताना म्हणाले, "काय तेजस्वीताई, ड्रीम कम ट्रू झालं म्हणायचं तुमचं!" ते आत गेल्यावर आनंदीनं विचारलं, "काय म्हणाले गो ते?"

"मनात धरलेला खरा झाला, असा म्हणाले."

आनंदी नारळ खवत होती. तिचे हात थांबले. चेहरा असा फुलला की बघत राहावं. "तांच नाव घाल," ती म्हणाली. "दुसरा नको."

'माझ्या मनात धरलेलं हे नव्हतंच गो आये,' असं तेजस्वीच्या अगदी ओठावर आलं होतं. पण आईचा तो चेहरा बघून तिनं ते गिळलं. रंगारी आला, बोर्ड रंगवून गेला. तेव्हापासून आनंदी भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना लेकीचं कौतुक सांगत सुटली, "माझ्या चेडवाचा ड्रीमकमट्रू." एका दमात, एकच शब्द असल्यासारखं.

तेजस्वीच्या मनात होती ती बोट. सावंतवाडीला हॉटेलचा कोर्स करून ती पहिल्या नंबरानं पास झाली होती. परदेशी प्रवासी बोटीच्या भटारखान्यात तिची निवड झाली, बॅग भरली, गरम कपडेसुद्धा घेऊन झाले. राहिला होता तो एक पासपोर्ट. आणि पोलिसांच्या चौकशीत शेरा पडला की अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. जिचा जन्म त्या घरात झाला ती त्या घरात राहत नाही! खेटे घालेस्तोवर तारीख उलटली, बोट गेली. तिच्याबरोबर निवड झालेली उर्वशी गेली आणि आता तिकडून बर्फाचे फोटो पाठवते. तेजस्वीनं पुन्हा अर्ज केला नाही. ती चिडली होती, आणि चिडलेलं माणूस आधी स्वतःचंच नुकसान करतं. आई म्हणाली, "देवाच्या मनात नाय तर नाय." वडील काशीराम वारलेले, भाऊ मंगेश मस्कतला; घरात दोन खोल्या मोकळ्या होत्या, हाताला चव होती. पाहुणे यायला लागले.

पण चौकशीला आलेल्या त्या हवालदाराला तिनं कधी माफ केलं नाही. तो बिचारा अधूनमधून जेवायला येई आणि तेजस्वी न चुकता त्याला सुरमईची शेपटीकडची तुकडी वाढी. तीन वर्षांत त्याच्या ताटात एकदाही मधली तुकडी पडली नाही. आनंदी हे बघायची आणि मुकाट्यानं त्याला सोलकढी जास्त वाढायची.

यंदा गावदेव रवळनाथाच्या जत्रेच्या आधी आनंदी म्हणाली, "माझो एक नवस फेडूचो आसा. तिसऱ्या वर्साक पाच नारळ बोललंय. तळी तुझ्या हातात होयी, नवस तुझ्यासाठी होतो."

"कसलो गो नवस?"

"ह्योच. तुझ्या ड्रीमकमट्रूचो."

तेजस्वीला गहिवरून आलं. दिवसभर चिडचिड करतो आपण हिच्यावर, आणि ही बघा, देवाकडे आपल्या धंद्यासाठी साकडं घालून बसलेली! जत्रेच्या सकाळी तिनं स्वतः निवडून पाच नारळ आणले, आईला मोरपंखी साडी नेसवली. त्या दिवशी घरात एकच पाहुणी होती, संचिता. पुण्याची. फिरण्याचे व्हिडिओ करणारी. आदल्या दिवशी तिनं बोर्डाखाली उभं करून तेजस्वीकडून वदवून घेतलं होतं, "इट्स अ ड्रीम कम ट्रू." चार वेळा, कारण तेजस्वी म्हणताना हसत नव्हती. नवस म्हटल्यावर संचिताही कॅमेरा घेऊन निघाली.

आता गाऱ्हाण्याचं सांगायला हवं. रवळनाथासमोर नवस बोलायचा तो घाड्याच्या, म्हणजे लोकांच्या वतीनं देवाशी बोलणाऱ्याच्या, तोंडून, आणि फेडायचा तोही त्याच्याच तोंडून. बोलताना एकटं असलं तरी फेडताना त्याच शब्दांत, सगळ्यांसमोर. प्रत्येक वाक्याला जमलेले लोक एका सुरात "होय म्हाराजा!" म्हणतात. म्हटलं की म्हटलं, देवळातला होकार माघारी घेता येत नाही. आनंदीचा आवाज त्यात सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या वर. लहानपणी तेजस्वी याची नक्कल करायची. चुलीपाशी उभी राहून म्हणायची, "बा देवा म्हाराजा, आज माका शाळेत धाडू नको, रे म्हाराजा!" आनंदी पीठ मळता मळता "होय म्हाराजा!" म्हणून मोकळी व्हायची, मग लक्षात आलं की उलथनं घेऊन मागे लागायची.

इतकी वर्षं गाऱ्हाणं धोंडू घाड्याचं. शहाणा माणूस. गावात कुणाच्या नवसात काय असतं, ते त्याला ठाऊक. अडचणीचं आलं की तो आवाज खाली घेई, "जा काय बोलल्याला आसा ता तुका ठावक," म्हणून पुढे सरके. पण यंदा त्याचा घसा बसला होता. पावसाळाभर त्यानं कुजबुजत सगळे नवस मुलाला, परशुरामाला, वहीत उतरवून दिले होते. सभामंडपात धोंडू गळ्याला मफलर गुंडाळून खांबाला टेकला होता आणि देवासमोर परशुराम उभा होता. हातात वही. आणि दुसऱ्या हातात चक्क माईक.

आनंदी ते बघून उंबऱ्यातच थबकली. "धोंडूभाऊ नाय?"

"बाबांचो आवाज गेलो, काकी. मी आसंय ना," परशुराम म्हणाला.

"मगे पुढच्या वर्साक बघूया. तेजू, चल."

"येडी काय गो? तिसरा वर्स बोललंस ना?" तेजस्वीनं तिला दंडाला धरून पुढे आणलं. आईचा दंड थंडगार लागला. सकाळपासून उपाशी आहे, तिला वाटलं.

"परशुराम, बारीक आवाजात सांग हां," आनंदी म्हणाली. "देवाक कान आसत."

"देवाक आसत गो, मागच्यांका ऐकूक नको?" परशुरामानं वही उघडली. माणूस सरळमार्गी. बापासारखं गिळणं त्याला जमणारं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा! काशीराम तांडेलाची बायल आनंदी, तीन वर्सांपूर्वी तुझ्या पायाकडे इली, पदर पसरल्यान, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" त्यात तेजस्वीचाही आवाज होता.

"ती बोलली, माझो घो गेलो. माझो झिल मंगेश मस्कताक गेलो तो गेलोच. आता माझा चेडू बोटीर जावक निघाला हा. तेचा जाणा मोडान टाक, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

तेजस्वीचं तोंड उघडलेलं तसंच राहिलं. चुकीचं पान वाचतोय हा, तिला वाटलं. दुसऱ्या कुणाचं तरी. दुसरी कुणी आनंदी. तिनं आईकडे बघितलं. आनंदी जमिनीकडे बघत होती आणि पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती.

परशुरामालाही आता आपण काय वाचतोय ते कळलं. माईकमधला आवाज अडखळला. पण अर्ध्यावर सोडलेला नवस फिटत नाही. त्यानं वहीत डोकं घातलं आणि भराभर वाचून टाकलं.

"पोलीस चौकशीक इलो तेवा चेडू सावंतवाडीक गेला होता. मी तेका सांगलंय, ता हयसर रवणा नाय. कायमचा मुंबयेक गेला. ह्या माझा खोटा पोटात घाल. पासपोर्ट येव नको आणि चेडू माझ्या दोळ्यांसमोर रवांदे. तिसऱ्या वर्साक तेच्याच हातान पाच नारळ देयन, रे म्हाराजा!"

या खेपेला "होय म्हाराजा" फुटकं आलं. निम्म्या लोकांच्या घशातच राहिलं. बाहेर खाज्याच्या दुकानांपर्यंत लावलेल्या कर्ण्यांमधून सगळ्या जत्रेनं ते ऐकलं होतं.

तेजस्वीच्या हातातली नारळांची तळी एकदम जड झाली. हवालदार! तीन वर्षं त्या माणसाला शिव्याशाप दिले, शेपटीच्या तुकड्या वाढल्या, आणि तो भला गृहस्थ दारात मिळालेलं उत्तर कागदावर लिहून गेला होता. उत्तर देणारी रोज शेजारी झोपत होती. बोट गेली त्या दिवशी आपण रडून रडून आडवे झालो, तेव्हा डोक्यावर तेल थापत कोण बसलं होतं? हीच. आपल्याला पेज भरवत होती आणि मनात नारळ मोजत होती!

संचिताला मालवणी ओ की ठो कळली नव्हती. लोक गप्प झालेत म्हणजे गाऱ्हाणं संपलं, एवढंच तिला समजलं. ती कॅमेरा सावरत पुढे आली. "तेजस्वी, परफेक्ट! आता नारळ हातात आहेत तेवढ्यात ते वाक्य एकदा म्हणा ना. इट्स अ ड्रीम कम ट्रू."

तेजस्वीनं तिच्याकडे बघितलं. मग आईकडे वळली.

"आये, तू म्हण," ती म्हणाली. "मनात धरलेला तुझा खरा झाला. माझा खंय? म्हण, कॅमेऱ्यात बघून म्हण."

संचितानं कॅमेरा खाली घेतला. एवढं तिलाही कळलं.

"तेजू, मंगेश गेल्यार सहा गणपती झाले," आनंदी म्हणाली. "सहा. एकदा तरी इलो तो? तूय गेली असतंस तर मी चूल कोणासाठी पेटवू?"

"माका एकदा इचारूक काय झाला होता तुका?"

"इचारलंय असतंय तर रवली असतंस?"

तेजस्वीला खोटं बोलता आलं नाही. नसती राहिली. हे दोघींनाही माहीत होतं आणि तेच फार लागलं. हिनं विचारलं नाही ते विसरून नव्हे, उत्तर ठाऊक होतं म्हणून.

मागून कुणीतरी म्हणालं, "जाव दे गो बाय, आवस ती. नारळ ठेव आणि पाया पड." परशुराम हात पुढे करून उभा होता. तेजस्वीच्या मनात आलं, ही तळी इथंच आपटावी, पाचही नारळ फुटू देत. तिनं तळी डोक्याइतकी उचललीही. आनंदीनं डोळे मिटून घेतले.

तेजस्वीनं तळी हळूच देवासमोर ठेवली. आणि परशुरामाच्या हातातला माईक काढून घेतला.

"अगो, काय करतंस!" परशुराम दचकला. बाईनं गाऱ्हाणं घालायचं नाही असं कुठं लिहिलेलं नाही, पण कुणी घातलेलंही नव्हतं. मंडपात कुजबुज सुरू झाली. खांबापाशी धोंडू घाड्यानं मफलर खाली ओढला आणि होता नव्हता तेवढा घसा खरवडून म्हणाला, "बोलांदे तिका!"

तेजस्वीचा आवाज लागला, अगदी चुलीपाशी लागायचा तसा.

"बा देवा म्हाराजा! माझ्या आवशीन मागल्यान, तू दिलंस. पाच नारळ तुका पावले. तुझो आणि तिचो हिशोब मिटलो, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" लोक म्हणाले. जरा दबकतच.

"आता माझा आयक! येत्या सोमवारी मी पासपोर्टाचो अर्ज घालतलंय, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आता सूर लागला होता. मागच्या रांगाही मिळाल्या.

"पोलीस परत दारात येतलो. त्या दिवशी माझ्या आवशीच्या तोंडातसून खरा येवंदे. चेडू हयसरच रवता, म्हणान तिका सांगांदे. आणि माझा जाणा होवंदे, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या वर एक आवाज आला होता. तेजस्वीच्या उजव्या खांद्यामागून. तो आवाज ती झोपेतही ओळखेल.

तिनं वळून बघितलं. आनंदीचे हात अजून जोडलेले होते. तोंडातून काय गेलं ते तिला आत्ता कळत होतं. डोळे विस्फारले होते आणि एक हात उशिरानं ओठांवर आला.

परशुरामानं पहिला नारळ फोडला.