चूल पेटवली होती फोर्तुनाने

मित्रांनो, मी एक जुनी कॉफीची किटली आहे. जुन्या वस्तू बहुतेक रडतात, असे तुम्ही वाचले असेल. मी रडणार नाही. मला राग आला आहे आणि तो मी आज ओकणार आहे.

माझा जन्म नेपल्समधल्या पत्र्याची भांडी घडवणाऱ्या गल्लीत झाला. कारागिराने मला शेवटचा ठोका दिला आणि म्हणाला, "जा, चांगल्या घरी पड!" त्याचे म्हणणे खरे झाले. ट्राम चालवणाऱ्या अनिएल्लोशी नुन्झियाचे लग्न झाले, तेव्हा तिच्या मावशीने मला भेट म्हणून दिले. तेव्हापासून सकाळी सगळ्यांत आधी मी उठायचे आणि मग घर उठायचे.

मला वापरायलाही अक्कल लागते. खालच्या भांड्यात पाणी, मधल्या चाळणीत कॉफी आणि वर तोटीचे भांडे पालथे. पाणी उकळले की कडेच्या बारीक भोकातून वाफ शिट्टी घालते. त्याच क्षणी मला दोन्ही मुठींनी धरून एका झटक्यात उलटायचे. मग तोटीवर कागदाची टोपी घालायची, म्हणजे वास उडून जात नाही. त्यानंतर गप्प बसून वाट पाहायची. आणि मला साबण कधीही लावायचा नाही. वर्षानुवर्षांच्या कॉफीने आतून जो रंग चढतो ना, तीच माझी कमाई.

नुन्झियाला दोन मुले होती. थोरली फोर्तुना आणि तिच्याहून सहा वर्षांनी लहान रेनातो. फोर्तुना सतरा वर्षांची असतानाचा नोव्हेंबर मी मरेपर्यंत विसरणार नाही. डोंगरातल्या गावी नुन्झियाच्या बहिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. सगळे जाणार होते, पण आदल्या दिवशी रेनातोला गालगुंड झाले. तान्ह्या बाळाजवळ असल्या पोराला कोण नेणार? त्याला सांभाळायला फोर्तुनाला मागे ठेवले. ती नवा झगा शिवून बसली होती, त्यामुळे दिवसभर धुसफुसत होती.

"तुझ्या या भोपळ्यासारख्या तोंडापायी माझा रविवार गेला," ती रेनातोला म्हणाली.

त्याच संध्याकाळी जमीन हलली. मी फळीवरून खाली पडले. आमचे घर उभे राहिले. डोंगरातले ते गाव मात्र उभे राहिले नाही, आणि नुन्झिया आणि अनिएल्लो त्या गावातच होते.

ज्या घरात कुणी गेले, तिथे चूल पेटवायची नाही, हा आमच्या गल्लीचा नेम. शेजारच्यांनी जेवण आणायचे. त्यांनी आणलेही, मी खोटे बोलणार नाही. भाजलेल्या मॅकरोनीची ताटे आली, मटण आले. पण गालगुंड झालेल्या पोराला जबडा हलवता येत नाही, हे एकाही बाईच्या डोक्यात आले नाही. तीन दिवस रेनातोच्या पोटात काही गेले नाही. चौथ्या सकाळी तो फोर्तुनाच्या पदराशी, म्हणजे एप्रनाशी, येऊन एवढेच म्हणाला, "ताई, आई द्यायची ती दूध-कॉफी. पाव बुडवून."

फोर्तुनाने दाराला कडी घातली आणि शेगडी पेटवली.

माझ्या तोटीला टोपी करायला कागद हवा होता. घरात फक्त कालचे वर्तमानपत्र होते आणि त्यात पडलेल्या घरांचे फोटो होते. ते तिने भावासमोर हातातही घेतले नाही. एप्रनाच्या खिशातून तिने एक पत्र काढले. परिचारिकांच्या शाळेत तिला प्रवेश मिळाला होता, ते ते पत्र. आठ दिवसांत तिने ते चाळीस वेळा वाचले असेल. तिने ते मधोमध फाडले, टोपी वळली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. मित्रांनो, मी पत्र्याची आहे, पण तेव्हा मला पोळले.

रेनातो प्याला. पाव बुडवून बुडवून सगळा खाल्ला. टोपीने किती वास अडवायचा? तो वास खिडकीतून अंगणात उतरला आणि खालून शेजारीणबाई दोन्ना एर्सिलिया ओरडली, "अगं ए फोर्तुना! आईबाप अजून दगडांखाली आहेत आणि तुझी चूल पेटली? जनाची नाही, मनाची तरी ठेव!"

फोर्तुना खिडकीत गेली. "पोरगं तीन दिवस उपाशी आहे, दोन्ना एर्सिलिया. देवानं विचारलं तर त्याला सांगेन. तुम्ही नका विचारू."

तिने खिडकी आपटली आणि मग मला भिंतीवर भिरकावले. माझ्या पोटाला पोचा पडला. मला त्याचा राग नाही. तिला कुणावर तरी काहीतरी फेकायचेच होते आणि जवळ मी होते. नंतर ती मला पोटाशी धरून जमिनीवर बसली.

पुढे वर्षभर गल्लीने तिला 'चूलवाली' म्हटले. ती शाळा राहिली ती राहिलीच. घरी हातमोजे शिवून तिने रेनातोला वाढवले, शिकवले आणि रोमला पाठवले. तो सिनेमे काढू लागला, मोठा माणूस झाला. ती दर रविवारी माझ्यासमोर बसून एकटी कॉफी प्यायची आणि त्याच्या फोनची वाट पाहायची.

दोन वर्षांपूर्वी तो स्वतःच आला. त्याचे केस पिकले होते.

"ताई, आपल्या घरावर सिनेमा काढतोय. सगळं खरं. मला ती किटली दे."

तिचा चेहरा असा उजळला की मला वाटले, जाऊ दे, आपणही एकदा मिरवू. तिने मला स्वच्छ टॉवेलमध्ये गुंडाळून दिले.

तिथे काय झाले, ऐका. सामान सांभाळणाऱ्या एका मुलीने मला साबण लावला. साबण! वर लिंबू चोळले. साठ वर्षांचा रंग तिने एका दुपारी खरवडून काढला आणि एका माणसाने लाकडी हातोडीने माझा पोचाही सरळ केला. का, तर म्हणे, पोच्यावर दिव्याचा उजेड चमकतो.

मग चित्रीकरण सुरू झाले. स्वयंपाकघर हुबेहूब आमचे होते. एक गोड पोरगा आला. त्याला गालगुंड नव्हते, कारण सुजलेले गाल पडद्यावर बरे दिसत नाहीत. त्याने शेगडी पेटवली. मी वाट पाहत होते, आता फोर्तुना येईल. पोराने सिनेमाची जाहिरात फाडून टोपी केली, तरी मी वाट पाहत होते. मग तो खिडकीत गेला आणि ओरडला, "देवानं विचारलं तर त्याला सांगेन. तुम्ही नका विचारू!"

तिचे वाक्य! हातमोजे शिवून ज्याला मोठे केले, त्याने तिच्या तोंडातले वाक्यसुद्धा काढून घेतले. त्या सिनेमात बहीणच नव्हती. मुलगा जगात एकटा होता आणि एकट्यानेच मोठा होत होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो हाच.

पहिल्या खेळाला मला थिएटरच्या दारात लाल कापडावर मांडले. खाली पाटी होती, 'दिग्दर्शकाने अकराव्या वर्षी स्वतःची पहिली कॉफी केली, ती किटली.' लोक डोळे पुसत बाहेर आले. फोर्तुना सगळ्यांत शेवटी आली. तिचे डोळे कोरडे होते. तिने पाटी वाचली.

रेनातो फुले सावरत पुढे आला. "ताई, कसा वाटला?"

"मी कुठंय रे त्यात?"

"असं बघ ताई, पडद्यावर दोघं आली की दुःख पातळ होतं."

"पातळ?" ती म्हणाली. "माझ्या हातचं काय पातळ झालं होतं, सांग. कॉफी पातळ होती? भाजी पातळ होती?"

"लोक बघतायत, ताई."

"बघू देत. आता तरी दिसेन त्यांना."

तिने मला उचलले. पहारेकरी धावला, "बाई, वस्तूला हात लावू नका!"

"या हाताशिवाय दुसरा हात तिला माहीत नाही," ती म्हणाली आणि तिने मला पिशवीत टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेनातो घरी आला आणि दारातच उभा राहिला. म्हणाला, "चुकलो." तो शब्द त्याच्या तोंडून फार उशिरा आला. मी तर मुळीच विरघळले नाही. फोर्तुना खुर्चीवरून उठली नाही.

"बस म्हणणार नाही मी. कॉफी कर," ती म्हणाली. "सगळं जग रडलं ना तुझी कॉफी बघून? मग कर."

त्याने मला हातात घेतले आणि फिरवून पाहिले. कॉफी पाण्यात टाकायला निघाला, तेव्हा तिने नुसते चाळणीकडे बोट केले. अखेर मी शेगडीवर चढले. पाणी उकळले, वाफेने शिट्टी घातली, तरी तो हात लांब धरून तसाच उभा राहिला. छप्पन्न वर्षांचा माणूस, आणि हिच्याच हातच्या कॉफीवर वाढलेला!

मित्रांनो, भांडी घासून ठेवा, जपून ठेवा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी एवढेच सांगते, आपल्या घराची गोष्ट सांगायला बसाल, तेव्हा आधी आठवा की तुमच्या पेल्यात ओतणारा हात कुणाचा होता. तो हात गोष्टीतून गाळू नका. नाहीतर एखाद्या दिवशी तुम्हीही भर स्वयंपाकघरात असे उभे राहाल आणि विचाराल, जसे त्या सकाळी रेनातोने विचारले,

"ताई, हिला उलटायचं कधी गं?"