पाळण्यातल्या गौरीचं नाक

मालनबाईचा उजवा हात शिमग्याला मोडला आणि तेव्हापासून तिला घरातलं एकही माणूस सरळ दिसेना. मोगऱ्याला पाणी भरताना पाटातल्या शेवाळावरून पाय घसरला, एवढंच निमित्त. डॉक्टरनं कोपरापासून पंजापर्यंत प्लास्टर थापलं आणि बजावलं, "आजी, गुढीपाडवा झाला तरी हा हात हलवायचा नाही." तोंडाबद्दल तो काही बोलला नाही, हे घरच्यांचं नशीब.

घर मखमलाबादच्या वाटेला. एकेकाळी आजूबाजूला सगळी माळ्यांचीच शेतं होती, फुलं नि भाजी गंगेवरच्या बाजाराला जायची. आता चहूकडून बंगले उठले, ह्यांचा मोगऱ्याचा नि मेथीचा तेवढा तुकडा राहिला. तिथं नवरा दिवसभर खुरपं घेऊन बसे. मुलगा गोरक्ष ओझरच्या विमानाच्या कारखान्यात, तो कंपनीच्या बसनं सकाळी जायचा तो दिवेलागणीला उगवायचा. म्हणजे दिवसभर घरात दोघीच. एक मालनबाई आणि दुसरी तिची सून शुभांगी, वणीकडची, लग्न होऊन चार वर्षं झालेली. आणि दोन बायकांच्या घरात एकीचा हात मोडला की दुसरीचे चार हात होतात, हे मालनबाईला कोणी शिकवायला नको होतं.

तिनं पडवीत खुर्ची टाकली, डाव्या हातात काठी घेतली आणि राखण सुरू केली. पडवीवरच्या मधुमालतीत बुलबुलानं घरटं मांडलं होतं. दरवर्षी चैत्रात ही जोडी यायची, डोक्यावर तुरा, बुडाला लाल टिळा. "देवानं कुंकू लावायचं ते कुठं लावलं बघा," असं मालनबाई आल्यागेल्याला दाखवायची. बोक्यानं नुसती मान वर केली तरी काठी आपटायची. आणि त्याच काठीच्या टप्प्यात, पडवीच्या कोपऱ्यात, मांडली होती तिची चैत्रगौर.

ह्या गौरीची आरास म्हणजे मालनबाईचा जीव. पायऱ्या करून वर पांढरं धोतर अंथरायचं आणि पत्र्याच्या पेटीतून सगळा खजिना काढायचा. वणीच्या यात्रेतून जमवलेली लाकडी फळं, काचमण्यांचा हत्ती, मातीचा वाणी नि त्याची मातीची वाणीण, पितळेची चूलबोळकी, एक चाक नसलेली बैलगाडी. प्रत्येक वस्तूला इतिहास होता आणि तो ऐकल्याशिवाय कोणाला पन्हं मिळत नसे. वरच्या पायरीवर पितळी पाळण्यात गौर. गौर म्हणजे अन्नपूर्णेचीच मूर्ती, बाई लग्नात माहेराहून आणते ती.

आता ह्या घरात एक रीत होती. अन्नपूर्णा दोघींच्या, सासूची नि सुनेची, पण पाळण्यात बसायची ती घरच्या मोठ्या बाईचीच. सुनेच्या अन्नपूर्णेनं देव्हाऱ्यात गप्प बसून वाट बघायची. मालनबाईच्या अन्नपूर्णेनंही पंधरा वर्षं वाट बघितली होती. सासू गेली, त्याच्या पुढच्या चैत्रात तिची मूर्ती पाळण्यात बसली आणि घर तिचं झालं.

गौर बसवण्याआधी मूर्ती चिंच नि राख लावून घासायची. हे काम तिनं आजवर कोणाला करू दिलं नव्हतं. इतकी घासली, इतकी घासली की देवीचं नाक झिजून गेलं, डोळे पुसले, तोंड नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत झालं. ह्या वर्षी हात गळ्यात अडकलेला, तेव्हा शुभांगीला सांगावं लागलं. "हळू घास. भांडं नाय ते." शुभांगीनं मोरीत बसून घासली, मोगऱ्यात बुडवून पाळण्यात बसवली. गळ्यापर्यंत फुलं, वर कापसाचं वस्त्र, डोक्यावरून गजरा. दिसायला नुसतं टिकलीएवढं कपाळ.

"एवढी कशाला गं झाकलीस? थंडी वाजतीय का तिला?"

"मोगरा लय आलाय ना आत्याबाई ह्या वर्षी," शुभांगी म्हणाली आणि आत गेली. फार लगबगीनं गेली, असं मालनबाईला वाटलं.

मग तो बुलबुल आला. दुपारची वेळ, पडवीत मालनबाईशिवाय कोणी नाही. पाळण्याच्या दांडीवर बसला, इकडं बघ तिकडं बघ केलं आणि गौरीच्या वस्त्राचं टोक चोचीत धरून ओढलं. कापूस पाहिजे होता मेल्याला, घरट्याला. मालनबाईला हसू आलं. काठी आपटली नाही. ओढता ओढता वस्त्र सुटलं, त्यात अडकलेला गजरा घसरला आणि गौरीचं तोंड उघडं पडलं.

गौरीला नाक होतं. चांगलं टोकदार, चाफेकळी. डोळेही होते, आणि ते मालनबाईकडं बघत होते.

तिचं हसू जागच्या जागी वाळलं. उठून जवळ गेली, वाकून बघितलं. ही तिची नव्हेच. ती तडक देव्हाऱ्याशी गेली, डाव्या हातानं देवांवरची फुलं बाजूला केली. "डावा हाय, चालवून घ्या," एवढं देवांना ऐकवलं. शुभांगीच्या अन्नपूर्णेची जागा रिकामी, आणि तिथं बरोबर तेवढाच फुलांचा ढीग रचलेला.

म्हणजे सुनेनं आपली गौर पाळण्यात बसवली. सासूचा हात मोडला तर हिनं सासूला मेलीच धरलं! आणि माझी कुठंय?

दुसरी बाई असती तर तिथंच बोंब ठोकली असती. पण शुक्रवारी हळदीकुंकू होतं, अर्ध्या गल्लीला बोलावणं गेलं होतं, आणि पाळण्यात बसलेली गौर अक्षय्यतृतीयेपर्यंत उठवायची नसते. भांडण काढलं तर कुंपणापलीकडची कलाबाई फुकटचा तमाशा बघणार. मालनबाईनं गजरा होता तसा सारखा केला आणि खुर्चीत येऊन बसली. आता नजर बोक्यावर नव्हती.

बघायला लागलं की दिसतं. शुभांगी दिवसातून दोनदा कोठीच्या खोलीत जायची, धान्य काढायची वेळ नसताना. जाताना पदराखाली वाटी असायची. येताना डोळे खाली.

"कोठीत काय गं सारखं?"

"उंदीर झालेत वाटतं."

"उंदराला वाटीतून वाढतात का वणीकडं?"

शुभांगीनं वाटी पदराखाली आणखी आत सरकवली. न बोलणारी सून मालनबाईला आधीपासूनच खपत नव्हती. भांडणारीचं पोटातलं कळतं तरी.

बुधवारी कलाबाई आली, कढीपत्ता मागायला. कढीपत्ता तिच्या दारात होताच, म्हणजे काहीतरी सांगायचं होतं. आराशीपुढं उभी राहून तिनं सगळं डोळ्यांत भरून घेतलं. ही बाई दरवर्षी मालनबाईची मांडणी बघायची आणि घरी जाऊन तीच उलट्या बाजूनं लावायची.

"सून काल भांडीबाजारात दिसली हो तुमची," ती जाता जाता म्हणाली. "तांबटाच्या दुकानात. पदराखालून काहीतरी काढून दाखवत होती. मी म्हटलं मोड घालायला आली असंल."

"मीच धाडलं होतं," मालनबाई फटकन म्हणाली. "तुम्हाला काय आणायचं होतं का? सांगायचं मग."

कलाबाई गेली. मालनबाईच्या अंगाची मात्र लाही झाली. मोडीत! हिनं माझी अन्नपूर्णा मोडीत घातली! चमचे-वाट्या घेतल्या असतील बदल्यात.

"काल कुठं गेलतीस?" तिनं शुभांगीला विचारलं.

"फुलवाती आणायला. पंचवटीत."

"दाखव बरं."

शुभांगीनं फुलवातींचा पुडा आणून दाखवला. पुडा अर्धा रिकामा, आणि तेलानं वरचा कागद डागळलेला. काल आणलेल्या पुड्याला एका दिवसात एवढं म्हातारपण येतं होय! मालनबाईनं पुडा परत दिला नि म्हणाली, "चांगल्या हायेत." मनात म्हणाली, खोटं बोलायची सवय नाय पोरीला, तरी बोलतीय. म्हणजे प्रकरण मोठं हाय. रात्री गोरक्षच्या कानावर घालावं असंही आलं मनात. पण बायकोचं आईकडून ऐकणारा मुलगा आणि आईचं बायकोकडून ऐकणारा मुलगा, दोन्हींची परीक्षा घेण्यात शहाणपण नाही.

शुक्रवारी दुपारी शुभांगी परसात कैरी किसत होती. डाळ वाटून झाली होती, पन्ह्याचा हंडा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. मालनबाई उठली, चपला काढल्या, अनवाणी कोठीत गेली. गव्हाच्या कणगीत काही नव्हतं. डाळींच्या डब्यांत काही नव्हतं. तांदळाच्या पिंपाचं झाकण तिनं डाव्या हातानं उचललं आणि तशीच उभी राहिली.

तांदळात तिची अन्नपूर्णा बसली होती. गुळगुळीत तोंडाची, बिननाकाची. कपाळावर ताजं कुंकू, पुढं मोगऱ्याची दोन फुलं आणि एका वाटीत आंब्याची डाळ, आत्ताच वाटलेली. घरात कोणाच्या जिभेला लागायच्या आधी हिच्यापुढं आली होती. देवीचा उजवा हात मनगटापासून नव्हता. हात नि हातातली पळी एका लाल चिंधीत बांधून शेजारी ठेवली होती.

मागं पाऊल वाजलं. शुभांगी दारात, हाताला कैरीचा कीस.

"कशी मोडली?" मालनबाईनं वळून न बघता विचारलं.

"घासताना. तुम्ही म्हणालात हळू, मी हळूच घासत होते आत्याबाई. आईची शपथ. हात आधीच झिजला होता, काडीएवढा राहिला होता. माझ्या बोटातच आला."

मालनबाईला ते माहीत होतं. तो हात काडीएवढा झाल्याला चार वर्षं झाली होती, म्हणून तर ती कोणाला घासू देत नव्हती. पण हे सुनेला कशाला सांगायचं?

"मग मला सांगायला तोंड नव्हतं?"

"तुमचा उजवा हात मोडलेला, आणि देवीचापण उजवाच." शुभांगीनं कैरीचे हात पदराला पुसले. "मला कसंतरीच झालं. पाळणा मोकळा कसा ठेवू, म्हणून माझी बसवली. तांबटाकडं गेले, म्हटलं डाग देऊन जोडता येतो का. तो म्हणाला, जोडून देतो, पण खंडित मूर्ती पूजेला चालत नाही, गंगेत सोडा. मी हो म्हणून परत घेऊन आले. सोडायला पाय वळंना. इथं धान्यात तरी बसेल म्हटलं. रोज नैवेद्य दाखवते."

मालनबाई आता वळली. खोटं शोधायची तिची सवय जुनी, तिनं सगळीकडं शोधलं. डोळ्यांत, हातांत, पदराच्या टोकाला. सापडलं ते एवढंच, की पोरीनं चैत्राचे इतके दिवस नीट जेवण केलं नव्हतं, गाल बसले होते.

"गंगेत सोडा म्हणे," ती शेवटी म्हणाली. "माझाबी हात खंडितच हाय. मला कधी सोडता रामकुंडात? सांग, म्हणजे नवं लुगडं नेसून बसते."

"आत्याबाई!"

"वरडू नको. झाकण लाव, पाल पडंल. आणि तो कीस काळा पडतोय."

संध्याकाळी बायका आल्या. पडवी भरली, गजऱ्यांचा नि कैरीचा वास एक झाला. वर बुलबुल पंख फडफडवत कटकट करत राहिले. कलाबाई सगळ्यांच्या आधी आली होती आणि सगळ्यांच्या पुढं बसली होती. ह्या वेळी गौरीचं तोंड उघडं होतं. मालनबाईनंच फुलं कमी करायला लावली होती.

कलाबाईनं मान लांब केली, डोळे बारीक केले. "अगंबाई, मालनबाई, गौर लय तरणी दिसतीय ह्या वर्षी! नाक बघा कसं! ही तुमची नव्हं." मग पडवीत ऐकू जाईल अशा हळू आवाजात, "सुनेची बसवली की काय?"

पन्ह्याचे पेले घेतलेली शुभांगी दारातच थांबली. सगळ्या गल्लीला त्या घराची रीत ठाऊक होती. सासू जिवंत असताना सुनेची गौर पाळण्यात, म्हणजे एक तर सून माजली किंवा सासू संपली.

"सुनेचीच हाय," मालनबाई म्हणाली. "मीच बसवायला सांगितली."

"तुम्ही असताना?"

"मग कधी बसवायची? मी मेल्यावर? मला बघायला नको का कशी दिसती ते? आमच्या सासूबाईंनी मला पंधरा वर्षं ताटकळत ठेवलं. गौर बसवली तेव्हा शाबास म्हणायला घरात कोण उरलं नव्हतं. मला तसलं मरण नको बाई." तिनं पडवीवरून नजर फिरवली. "आणि कलाबाई, नाकाचं म्हणाल तर ते तुम्ही नीट बघून घ्या. घरी जाऊन तसंच लावायला बरं पडंल."

बायका खदखदा हसल्या. कलाबाईही हसली, जरा उशिरा.

हळदीकुंकू कोणी लावायचं हा प्रश्न निघालाच नाही. उजवा हात गळ्यात, डाव्यानं कुंकू लावत नाहीत. मालनबाई खुर्चीतून उठली, काठी भिंतीला टेकवली आणि सतरंजीवर बायकांच्या रांगेत येऊन बसली. ह्या घरात आल्यापासून हळदीकुंकवाला ती कधी बसली नव्हती. खाली बसल्यावर आरास निराळीच दिसत होती, उंच आणि जरा वाकडी. काचमण्यांचा हत्ती पुढं घ्यायला पाहिजे होता. सांगावंसं वाटलं. जीभ दाताखाली धरली.

शुभांगी रांगेनं येत होती. हळद, कुंकू, अत्तर, मग ओटीत भिजवलेले हरभरे. मालनबाईपुढं आली तेव्हा डोळे इतके भरले होते की कुंकू कपाळाऐवजी भुवईला लागलं.

"नीट बघून लाव. आणि रडू नको, हरभरे आधीच भिजलेत."

शुभांगीनं ओंजळीनं हरभरे पदरात घातले आणि पुढं कलाबाईकडं वळली. मालनबाईनं आधी आपल्या पदरात बघितलं, मग कलाबाईच्या. पुन्हा आपल्या.

"ए शुभांगे," ती म्हणाली, "इकडं ये. हिला जास्त घातलेस."