रद्द पुस्तकातली चिठ्ठी

चिठ्ठ्यांची कल्पना ग्रंथपालबाईंची. वाचनालयात लोक यायचे, तीच ती दोन कपाटं चाळायचे आणि मागच्या खेपेला नेलेलंच पुस्तक पुन्हा घेऊन जायचे. एक गृहस्थ तर एकच रहस्यकथा तीनदा घेऊन गेले आणि तिन्ही वेळा परत करताना म्हणाले, खुनी कोण ते शेवटपर्यंत कळत नाही. मग बाईंनी दाराशेजारी एक फळा लावला, वर लिहिलं 'वाचकांनी सुचवलेलं', आणि खाली कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला. पुस्तक आवडलं तर दोन ओळी लिहायच्या, नाव घालायचं नाही. आठवडाभर चिठ्ठी फळ्यावर राहायची, मग बाई ती त्या पुस्तकातच खोचून ठेवायच्या, पुढच्या वाचकासाठी.

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या इस्त्रीवालीच्या असत. ती जवळच्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी आणि डॉक्टरांचे कोट इस्त्री करायची. बुधवारी तिची पाळी तीनला सुटे, की सरळ वाचनालयात. वय चौतिशीचं, बोलणं मोजकं. घरी म्हातारी आई होती. आईचा डावा डोळा कधीचाच गेलेला, उजव्यानं मोठा ठसा असेल तर कसंबसं वाचता यायचं, नाहीतर मुलगी वाचून दाखवी. तिच्या चिठ्ठ्याही तशाच असत. 'आईला वाचून दाखवलं. घोडा हरवतो त्या प्रकरणाला ती एवढी हसली की शेजारणीनं भिंत ठोकली.' अक्षर तर असं, की मोत्याचे दाणे. शिरोरेघ पट्टीनं ओढल्यासारखी. बाई इतरांना ते दाखवून म्हणायच्या, बघा, असं लिहा, नाहीतर तुमचं वाचायला औषधाच्या दुकानात जावं लागतं.

दरवर्षी एका शनिवारी जुन्या पुस्तकांची विक्री व्हायची. जे पुस्तक सात वर्षांत कुणी नेलं नाही, किंवा ज्याची बांधणी सुटली, त्यावर 'रद्द' असा शिक्का बसे आणि ते खालच्या खोलीतल्या टेबलांवर जाई. शिक्का मारण्याआधी पुस्तक झाडून बघायचं, आतल्या चिठ्ठ्या काढून घ्यायच्या, हा बाईंचाच नियम. त्या वर्षी चारशे पुस्तकं त्यांनी एकटीनं झाडली, आणि शेवटची दोन खोकी तशीच राहिली. पाठ धरली होती. विक्रीनंतर उरलेली पुस्तकं एक रद्दीवाला एकगठ्ठा उचलून परगावी घेऊन गेला.

साडेदहा महिन्यांनी त्यातलं एक पुस्तक परत आलं. ते घेऊन आलेला माणूस सत्तरीच्या आतबाहेरचा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. आपण शाळेत मास्तर होतो, आता निवृत्त, इथून बसनं पाच तासांवर राहतो, असं त्यानं सांगितलं. पुस्तक त्यानं फुटपाथवर घेतलं होतं आणि आतल्या शिक्क्यावरून वाचनालय शोधलं होतं. आतली चिठ्ठी काढून त्यानं बाईंसमोर ठेवली.

"हे वळण माझं आहे," तो म्हणाला. "म्हणजे मी लावलेलं. माझी मुलगी आहे ही. सहा वर्षं झाली, आईला घेऊन गेली."

बाई म्हणाल्या की वाचकांची माहिती आम्ही कुणाला देत नाही. त्यावर मास्तर म्हणाला, अगदी बरोबर, नियम म्हणजे नियम. आणखी काही न विचारता तो दिवसभर वाचत बसला. जाताना त्यानं बाईंच्या हातात एक कागद दिला. एका पुस्तकातल्या छपाईच्या तीन चुका, पानांच्या आकड्यांसकट. सव्वीस वर्षांच्या नोकरीत बाईंना असा वाचक भेटला नव्हता.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. मुलीचा विषय काढला नाही. काहीतरी चांगलं सुचवा, एवढंच म्हणाला. बाईंनी त्याला एकट्या म्हाताऱ्याची एक कादंबरी दिली. संध्याकाळी ती परत करताना मास्तर बराच वेळ पुस्तकावर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "घरात एवढी शांतता का आहे, ते या माणसाला शेवटपर्यंत कळत नाही. मलाही उशीरच झाला."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांचे स्वतःचे वडील अबोला धरूनच गेले होते. बाई पोचल्या तेव्हा तोंड झाकलेलं होतं. तो सल त्यांनी कुणाला सांगितला नव्हता, पण तो होता. रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला विचारलं, असं वाचणारा माणूस वाईट कसा असेल? नवरा म्हणाला, आधी त्या मुलीला विचार. बाईंना ते पटलं आणि पटलंही नाही. विचारलं तर अभिमानानं ती नाहीच म्हणणार, आणि मग बाप गेल्यावर जन्मभर रडत बसेल. मधे दोन बुधवार गेले. दोन्ही वेळा विषय बाईंच्या ओठांवर आला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो गिळला.

इस्त्रीवाली मात्र त्याच सुमारास आपणहून बोलली. यंदाच्या विक्रीत मोठ्या ठशाची पुस्तकं आहेत असं कळलंय, आईला स्वतः यायचंय. आजवर सगळी पुस्तकं परत करावी लागली, एक तरी आपलं असावं म्हणते. बाई म्हणाल्या, जरूर आणा.

तिसऱ्या खेपेला मास्तर आला आणि बाईंनी सांगून टाकलं. पुढच्या महिन्यातला पहिला शनिवार, सकाळी, खालची खोली. दोघी येणार आहेत. मास्तरनं हात जोडले. बाईंना वाटलं, आपल्या हातून आज एक चांगलं काम झालं.

त्या शनिवारी खोलीत गर्दी होती. म्हाताऱ्या आईला इस्त्रीवालीनं खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं आणि एकेक पुस्तक तिच्या मांडीवर ठेवत होती. आई पान उजव्या डोळ्याच्या अगदी जवळ नेऊन बघे आणि मान हलवी. सहावं की सातवं पुस्तक तिला आवडलं. ते ती छातीशी धरून बसली. बाई दारात उभ्या राहून ते बघत होत्या आणि सारख्या रस्त्याकडे पाहत होत्या.

मास्तर साडेदहाला आला. बाईंकडे बघून त्यानं किंचित मान लववली आणि गर्दीतून वाट काढत सरळ खिडकीकडे गेला. इस्त्रीवालीनं त्याला पाहिलं. ती ओरडली नाही. हातातलं पुस्तक तिनं टेबलावर ठेवलं आणि आईच्या खुर्चीपुढे येऊन उभी राहिली. पण मास्तरचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. तो तिच्या खांद्यावरून बोलला, हळू आवाजात.

"ऊठ. चल."

आणि म्हातारी उठली. सहा वर्षांनी कानावर आलेल्या त्या दोन शब्दांनी ती अशी उठली, जणू कुणी वरून दोरी ओढली असावी. मुलीनं तिचा दंड धरला. आईनं तो सोडवला, तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मी गेले तर ते तुझ्या मागे येणार नाहीत. तू राहा."

बाई पुढे धावल्या. अहो, थांबा, बसून बोलू या, असं काहीतरी त्या म्हणाल्या. वाचनालयाचा शिपाईही आला. मास्तरनं त्या सगळ्यांसमोर बायकोला विचारलं, तू मनानं येतेस ना? ती हो म्हणाली. मग त्यानं तिच्या हातातलं पुस्तक घेऊन टेबलावर ठेवलं, बाईंचे आभार मानले आणि तिला घेऊन गेला.

इस्त्रीवाली वळली. बाईंच्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळलं असावं, तरी तिनं विचारलं.

"तुम्ही सांगितलंत?"

"त्यांनी सांगितलं की पश्चात्ताप..."

"माझ्या आईचा डोळा कसा गेला, तेही सांगितलं का त्यांनी?"

ते तिनं मागच्या खोलीत उभ्याउभ्याच सांगितलं. ती नऊ वर्षांची होती. शुद्धलेखनाच्या वहीत तिची एक वेलांटी चुकली. बापानं लाकडी पट्टी उचलली, आई मध्ये आली आणि पट्टी तिच्या डोळ्यावर बसली. लोक विचारतील म्हणून पंधरा दिवस तिला डॉक्टरकडे नेलं नाही, बाहेरून कुलूप घातलं. पुढे कुलूप घालायची सवयच लागली. शाळेत आणि गावात मास्तरला मान होता, घरी लोक पुस्तकं मागायला यायचे. मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली, तरी आईचा पाय घरातून निघेना. एकोणीस वर्षं लागली तिला बाहेर काढायला.

"आणि तुम्हाला दीड महिना लागला," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी बाई आणि इस्त्रीवाली पोलिसांकडे गेल्या. तिथल्या अधिकाऱ्यानं मास्तरच्या घरी फोन लावला. म्हातारीनं फोनवर सांगितलं की आपण राजीखुशीनं आलो. अधिकारी म्हणाला, नवराबायकोच्या भांडणात आम्ही काय करणार. बाईंनी दुसऱ्या दिवशी फळा उतरवला. लोकांनी कुरकुर केली, त्यांनी कारण सांगितलं नाही. वाचनालयाच्या समितीकडे मात्र त्यांनी आपली चूक लेखी कळवली. समितीनं ती वाचली, यात नियमभंग झाला असला तरी हेतू चांगला होता असा शेरा मारला आणि कागद फाइलला लावला. तो शेरा बाईंना चपराकीपेक्षा जास्त लागला.

इस्त्रीवालीनं दोनदा जाऊन दार ठोठावलं. दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा बाई एकट्या गेल्या. मास्तरनं त्यांना मात्र हसतमुखानं आत घेतलं. स्वतः चहा केला, पुस्तकांचं कपाट दाखवलं. म्हातारी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. बाईंनी विचारलं, कशा आहात? ती म्हणाली, बरी आहे, मुलीला सांगा येऊ नको. प्रत्येक वाक्याआधी तिची मान मास्तरच्या आवाजाच्या दिशेला वळे. निघताना बाई मुद्दाम जिन्यात रेंगाळल्या. वरच्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी बाई राहत होती. आपला नंबर त्यांनी तिच्या हातात दिला. तिनं तो मशीनच्या खणात टाकला.

फोन यायला चार महिने लागले. शिवणवाली म्हणाली, महिन्याच्या दोन तारखेला मास्तर पेन्शनला जातो, नऊला निघतो, बारापर्यंत येत नाही. बाहेरून कुलूप असतं. हल्ली आतून भिंत चाचपडल्याचा आवाज येतो.

बाईंनी इस्त्रीवालीला कळवलं. ठरलं असं की बाईंनी जायचं, कारण मुलीला तिथे सगळे ओळखत होते. मुलीनं निम्म्या वाटेवरच्या बस स्टँडवर थांबायचं. बाई आदल्या दिवशीच त्या गावी जाऊन राहिल्या. दोन तारखेला सव्वानऊ वाजता त्यांनी बाजारातून एक चावीवाला सोबत घेतला. त्यानं विचारलं, घर कुणाचं? बाई आयुष्यात क्वचितच खोटं बोलल्या होत्या. त्या म्हणाल्या, माझ्या बहिणीचं, चावी हरवली. कुलूप उघडायला त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. वरून शिवणवालीच्या मशीनचा आवाज येत होता. तो थांबला नाही.

म्हातारी त्याच खुर्चीवर होती. तिनं चेहरा दाराकडे वळवला, पण नजर बाईंच्या बाजूनं निघून गेली. आता उजवा डोळाही राहिला नव्हता. का आणि कसा, ते बाईंनी विचारलं नाही.

"कोण?"

"मी वाचनालयातली. तुमची मुलगी वाट बघतेय."

तिनं पायानं खुर्चीखाली चाचपून पाहिलं. मग म्हणाली, "माझ्या चपला त्यांनी कुठे ठेवल्यात ते मला माहीत नाही."

बाईंनी आपल्या चपला तिच्या पायात घातल्या आणि तिला धरून जिना उतरवला. स्टँडपर्यंत त्या अनवाणी चालल्या. बस सुटली. गाव मागे पडल्यावर बाई माफी मागायला लागल्या. म्हातारीनं त्यांचा हात चाचपून धरला.

"राग आला होता तुमचा," ती म्हणाली. "मग वाटलं, मी तरी काय केलं? चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत होते, मास्तर फार विद्वान आहेत."

इस्त्रीवाली दोन पिशव्या घेऊन फलाटावर उभी होती. नोकरी तिनं आदल्या दिवशीच सोडली होती. आईला तिनं मिठी मारली नाही. आधी दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरून डोळे पाहिले, आणि मग तिचा स्वतःचा चेहरा दगडासारखा झाला. पिशव्या उचलून, आईला हाताला धरून ती समोरच्या गाड्यांकडे निघाली. चार पावलं गेल्यावर थांबली.

"कुठे जातोय ते विचारू नका," ती म्हणाली.

"नाही विचारणार."

समोर पाच-सहा गाड्या उभ्या होत्या, प्रत्येकीच्या कपाळावर गावाचं नाव. कंडक्टर गावांची नावं ओरडत होते. बाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. गाड्या एकामागून एक निघाल्याचं त्यांना पायांखालच्या फरशीतून कळत होतं. शेवटची हलल्यावरही त्या बराच वेळ तशाच राहिल्या. शेवटी एका झाडूवाल्यानं त्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

त्या वळल्या तेव्हा फलाट रिकामा होता. मग त्या परतीच्या गाडीची चौकशी करायला खिडकीकडे गेल्या.