तपकिरी रेषेवरची पायपीट

मी एक जुना नकाशा बोलतोय. कोपरे कुरतडलेले, रंग उडालेला. नदीवर कुणाचा तरी चहा सांडला, तेव्हापासून तिला बारमाही पूर आहे. सांभाळून घ्या.

मोजणीवाल्यांच्या तंबूत माझा जन्म झाला. बिचारे घामाघूम होऊन टेकड्या चढले आणि दिसेल ते माझ्यावर उतरवत गेले. एका टेकडीच्या माथ्यावर घरं होती, म्हणून काळे ठिपके काढले, शेजारी वस्तीचं नाव लिहिलं. पुढे तिथला झरा आटला, माणसं खाली राहायला आली. नव्या नकाशांनी ठिपके गाळून टाकले. मी मात्र हट्टी!

कचेरीतल्या कपाटावर वर्षानुवर्षं धूळ खाऊन मी रद्दीत निघालो. तिथून एका शिंप्याने मला उचललं. कापड बेतायला कागद हवा होता म्हणे! कात्री पोटावर टेकली, तेवढ्यात त्याची म्हातारी आत्या ओरडली, "अरे थांब! ही आमची वस्ती!"

आपला जन्म वरच्या वस्तीतला, असं ती जन्मभर सांगायची आणि घरचे हसायचे. वर कसली वस्ती? नुसती झुडपं! "आत्या, तुझं आपलं काहीतरीच," असं भाचा म्हणाला की तिला फार लागायचं. डोळे मिटण्याआधी कुणीतरी आपलं खरं मानावं, एवढंच तिला हवं होतं.

मग निघाले दोघं. निम्म्या टेकडीपर्यंत स्कूटर, पुढे पायी. शिंपीबुवांनी माझी तपकिरी रेषा धरली. अहो, ती वाट नव्हे! सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा ती. तिच्यावरून चालणारा ना चढतो, ना उतरतो. टेकडीला नुसता वळसा घालतो. पण मला विचारतंय कोण? फिरून फिरून दोघं हजर स्कूटरपाशी!

"आत्या, ही आपलीच ना गं?"

"नाही, शेजाऱ्याची! आण तो नकाशा." तिने तुटक काळ्या रेषेवर बोट ठेवलं. "ही वाट. चल, माझा हात धर."

माथ्यावर सगळीकडे झुडपंच. "बघ, मी म्हटलं नव्हतं..." भाच्याने सुरुवात केली, पण आत्या एका लांबट दगडापाशी थांबली होती. पायांनी झिजून मधे खोलगट झालेला उंबरा. भिंती नाहीत, छप्पर नाही. तिने चपला काढल्या आणि आत गेली. भाचाही मागोमाग निघाला.

"चपला काढ आधी. घरात येतोयस."

त्याने मुकाट्याने काढल्या. आत येऊन इकडेतिकडे बघत हळूच विचारलं, "आत्या, बसू कुठे?"

म्हातारीचे डोळे भरून आले. आत्ता मी तिच्या मांडीवर उघडा पडलोय, ऊन खातोय. मला गुंडाळायची घाई करू नका, मंडळी. ती त्याला अजून घर दाखवतेय.