शेवटची तिरकी रेघ

कुपवाड/शेड/

दसऱ्यानंतर काढलेला एकही नकाशा संगणकात सापडेना. पंपाच्या झडपांचे नकाशे. दानिश ते काढायचा, सेव्ह करायचा. 'पंप' फोल्डरमध्ये मात्र सगळे जुनेच.

मालक तानाजीनं त्याला काही विचारलं नाही. शेडची किल्ली तेवढी परत मागून घेतली.

कुपवाड/शेड/संशय/

दानिशचा मेहुणा अजीम. अजीमनं पलूसला नवी लेथ टाकलेली. रविवारी दानिश पलूसला गेलेला.

वेगवेगळ्या होत्या गोष्टी. तानाजीनं जोडल्या.

कुपवाड/शेड/फाटक/

"बॅग उघड रं."

"कालबी उघडली हुती, मालक."

"आजबी उघड."

टोपी. रुमाल. डबा.

"भाजी ढवळून बघा की," दानिश म्हणाला. "नकाशा तळाला बसला असंल."

कुणी हसलं नाही.

"माजी बॅग रोज तपासताय. त्यो संगणक कवा तपासणार?"

कुपवाड/शेड/ऑफिस/

हे पल्लवीनं ऐकलं. तानाजीची पुतणी, नकाशे जागच्या जागी ठेवणारा छोटा प्रोग्राम तिचाच. आजवर तिनंही फक्त 'पंप' फोल्डरच पाहिलं होतं. आता सगळ्या डिस्कवर 'झडप' शोधलं.

सापडले. सगळे. एक पायरी बाहेर, 'नकाशे' फोल्डरमध्ये उघड्यावर पडलेले. पंपझडप-१. पंपझडप-२.

"काका, सेटिंगमध्ये पत्ता होता नकाशे/पंप/. शेवटची रेघ कुठं गेली? ती नसली की फोल्डरचं नाव फाइलच्या नावालाच चिकटतं. फाइल आत जातच नाही."

तानाजी पडद्याकडं वाकला.

"खंडेनवमीला म्याच काढली."

"काय?"

"लेथ पुसली, ड्रिल पुसलं, हार घातलं. म्हटलं, संगणकबी साफ करावा. ती रेघ शेवटाला नुसतीच लोंबत हुती. म्होरं काय बी न्हाई."

पल्लवीनं रेघ परत लावली. प्रोग्रामलाही बजावलं: रेघ नसेल तर तूच घाल, असेल तर दुसरी घालू नकोस.

कुपवाड/शेड/फाटक/

सुट्टी झाल्यावर तानाजीनं किल्ली पुढं केली.

"घे गड्या. चुकलं माजं."

दानिशनं हात पुढं केला.

"पर रविवारी पलूसला कशाला गेलावतास?"

हात थांबला. मागं गेला. दानिशनं खांद्यावरची बॅग काढली, चेन उघडली आणि मालकासमोर धरली.

"बघा."

तानाजीनं पाहिलं. बॅगेत खरोखरच पाहिलं.

दानिशनं चेन लावली, गाडीला किक मारली. किल्ली तानाजीच्याच हातात राहिली.

कुपवाड/शेडदानिश