उद्यारावांची दुरुस्ती

आमच्या घरमालकांना अख्खी इमारत उद्याराव म्हणते. नळ गळतो म्हटलं की "उद्या बघू", खिडकी लागत नाही म्हटलं की "उद्या माणूस पाठवतो". असे अकरा वर्षांचे उद्या माझ्याकडे साठले होते. आणि एक दिवस हे गृहस्थ चिठ्ठी पाठवतात, की दोन वर्षांपूर्वी तुमच्या खोल्यांची दुरुस्ती केली, सबब भाडं दुप्पट. परवडत नसेल तर खोल्या सोडा. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

मी शिवणकाम करते. गिऱ्हाईक जिना चढून माझ्याकडे येतं; इथून उठले तर धंदाही उठला. मी तडक भाडे नियंत्रण कार्यालय गाठलं. तिथल्या वकीलबाईंनी कागद वाचले आणि सरकारतर्फे उद्यारावांवर खटला भरला. कायदा साधा: दुरुस्ती केली असेल तरच भाडं वाढवता येतं. उद्याराव कोर्टात छातीठोकपणे म्हणाले, "केली की. फरशी, नळ, खिडकी, सगळं."

"गुरुवारी मी स्वतः येऊन बघते," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

चोराच्या मनात चांदणं. सोमवारी सकाळी सातला गवंडी, प्लंबर आणि रंगारी दारात हजर. नको म्हणावं, तर अकरा वर्षं तक्रार मीच करत होते. बुधवारपर्यंत घर लखलखीत झालं.

"आता न्यायाधीशबाईंना दाखवायचं काय?" आमचे हे म्हणाले. कामगार उद्यारावांचे, माझ्या बाजूने बोलणार कोण?

गुरुवारी न्यायाधीशबाई चष्मा सावरत न्हाणीघराच्या दाराशी चक्क उकिडव्या बसल्या. "ही फरशी दोन वर्षांपूर्वीची?"

"हो तर," उद्याराव म्हणाले.

"मग इथे परवाची तारीख कशी?"

कोपऱ्यातल्या सिमेंटमध्ये खिळ्याने तारीख कोरलेली होती, शेजारी गवंड्याची खूण. त्याची रीतच तशी. काम संपलं की तारीख घालायची, म्हणजे पुढे फरशी उखडली तर कोणी खोटं बोलायला नको. उद्यारावांनी घाईत त्याची मजुरी तेवढी विचारली होती.

उद्यारावांनी वाकून तारीख वाचली. मग म्हणाले, "याचा खुलासा उद्या करतो." वकीलबाईंना एकदम खोकला आला.

आठवड्याने निकाल लागला. भाडं जुनंच, उद्यारावांना दंड, आणि मला कोणी हलवायचं नाही. नव्या फरशीचं काय, असं त्यांनी विचारून पाहिलं. "ही अकरा वर्षं राहिलेली कामं आहेत," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "त्यांचं वेगळं भाडं लागत नाही."

इमारतीत शिरलो तर तळमजल्यावरचा न्हावी वाटच बघत होता. "ताई, आमच्याही खोल्यांबद्दल जरा खोटं बोलायला लावा की त्यांना."

मी हसता हसता जिन्यावर बसले आणि रडायलाच लागले. चार महिने मी किती घाबरले होते, ते मला तेव्हा कळलं. हे शेजारी बसले. चारचौघांत कधी नव्हे तो माझा हात हातात घेतला.

"चल," म्हणाले, "घरी चल."